दर्शनी रेषेच्या मागे

३ मार्च

ताई,

सोबत एक फॉर्म आहे. तीन ठिकाणी पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही करायची. परतीच्या पाकिटावर पत्ता आणि तिकीट दोन्ही लावलेलं आहे, तुला फक्त पेटीत टाकायचं आहे.

कारण थोडक्यात सांगते. बाबांची ड्रायव्हिंग शिकवणीची गाडी सहा वर्षं अंगणात उभी आहे. आता नगरपालिकेची नोटीस आली. घराच्या आवारात गाड्या कशा ठेवाव्यात याचे नियम असतात हे मला नोटीस वाचेपर्यंत माहीत नव्हतं. बंद पडलेली, नोंदणी संपलेली गाडी घराच्या दर्शनी रेषेच्या पुढे तीस दिवसांहून जास्त ठेवता येत नाही. दर्शनी रेषा म्हणजे घराच्या पुढच्या भिंतीची सरळ रेघ; तिच्या पुढे जे असेल ते रस्त्याला दिसतं. गाडी ठेवायचीच तर रेषेच्या मागे, फरशीवर, झाकून ठेवावी. तिच्यात कोणी राहू नये. शिवाय कोपऱ्यापासून वीस फुटांच्या आत कमरेपेक्षा उंच काही नको, कारण वळणाऱ्याला पलीकडचं दिसलं पाहिजे. आपली गाडी या सगळ्यात नापास झाली आहे.

मागे न्यावी म्हटलं तर घराच्या बाजूची बोळ साडेचार फूट आणि गाडी पाच. मी तीनदा मोजली. आमच्या दुकानात केसाएवढ्या फरकाने काच चौकटीत बसत नाही, त्यामुळे अर्ध्या फुटाशी वाद घालण्यात अर्थ नाही हे मला कळतं. म्हणून गाडी मोडीत द्यायची. गाडीवर शिकवणीची नवीन पाटी रंगवली त्या दिवशी बाबांनी गाडी तुझ्या नावावर केली होती आणि पुढच्याच महिन्यात तू गेलीस. नाव अजून तुझंच आहे. तेव्हा सही तुझीच लागणार.

पत्ता तू तीन वर्षांपूर्वी फाटकापाशी दिलेल्या चिठ्ठीवरचा आहे. बदलला नसावा अशी आशा.

बाबा बरे आहेत. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा कापते. तीनला सुटते.

मुदत या महिनाअखेरीपर्यंत आहे. लवकर पाठव.

धाकटी


१९ मार्च

ताई,

पाकीट आलं. फॉर्म कोराच. मागे तुझ्या अक्षरात एक ओळ: "बाबांनी स्वतः सांगितलं तर सही करेन."

दोन दिवस मी ते पाकीट साखरेच्या डब्यामागे ठेवलं. बाबा स्वतः सांगू शकत नाहीत, ताई. मी "बरे आहेत" लिहिलं ते खोटं नव्हतं. भूक लागते, झोप लागते, दाढी स्वतः करतात, गालावर एक ओरखडाही नसतो. फक्त कोणतं वर्ष चालू आहे हे त्यांना ठाऊक नाही. रोज वेगळं असतं. कधी आई स्वयंपाकघरात असते, कधी ते स्वतःच अजून शिकत असतात.

पण चार वाजले की चुकत नाहीत. शर्टाची गळ्याची गुंडी लावतात, पायात बूट घालतात आणि अंगणात जाऊन गाडीत बसतात. त्यांच्या बाजूला, जिथे क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी आहे तिथे. मग समोर बघत थांबतात. शिकणाऱ्याची वाट बघतात.

आधी मी त्यांना आत आणायची. हात धरून, गोड बोलून. हल्ली जाऊन स्टिअरिंगवर बसते. करणार काय? काचेवर सहा वर्षांची धूळ आहे, ती पुसायची मी कधीच सोडून दिली. चारचं ऊन त्या धुळीतून असं आत येतं की दुधाच्या भांड्यात बसल्यासारखं वाटतं. घर दिसत नाही, फाटक दिसत नाही. चाकाला गुंडाळून वर आलेली वेल माझ्या बाजूच्या खिडकीतून आत शिरली आहे, तिला आत बारीक निळी फुलं येतात.

आणि बाबा सांगायला लागतात. "आरसा बघितलास? मग चल. सावकाश. डावीकडे पिठाची गिरणी येईल, तिथे लोक न बघता रस्त्यात येतात. आता चढ आहे, दुसऱ्यावर घे." ती गिरणी जाऊन वीस वर्षं झाली. पण ताई, पंधरा-वीस मिनिटं झाली की मला पिठाचा वास येतो. खोटं नाही सांगत. चढ आला की पाठ सीटला टेकते. पुलावरून जाताना बाबा काच खाली करायला सांगतात, आणि खालून पाणी वाहिल्याचा गारवा मनगटाला लागतो. गाडी जागची हललेली नसते. पंचेचाळीस मिनिटांनी ते म्हणतात, "आजच्यापुरतं बास," आणि मी उतरते तेव्हा माझे पाय खरंच लांबून आल्यासारखे जड झालेले असतात.

मी लायसन्स काढलेलं नाही हे तुला माहीत आहे. सगळ्या गावाला शिकवणाऱ्याची मुलगी आणि तिला गिअर बदलता येत नाही, यावर दुकानात अजून विनोद होतात. तू सोळाव्या वर्षी बाबांच्या मांडीला मांडी लावून बसलीस. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझे हात घाबरतात." तेव्हापासून मी कधी विचारलं नाही. आता रोज शिकतेय, तेही तुझ्या नावाने. ते मला मोठी म्हणतात. "छान, मोठी. तुला सांगावं लागत नाही." मी "हो बाबा" म्हणते.

परवा नगरपालिकेचा निरीक्षक आला. हातात फीत, गळ्यात कॅमेरा, पोट पुढे. मी दार उघडायच्या आधीच त्याने गाडीत डोकावून बघितलं आणि टोपी काढली. "सर?" बाबांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघितलं. "उशीर केलास. बस." तुला तिसरा गिअर आठवतो? परीक्षेला तीनदा नापास झालेला, दर वेळी तिसऱ्या गिअरवरच गाडी सुरू करणारा? तोच. आता नोटिसा तोच बजावतो.

तो बसला. सीट मागे सरकवली, पट्टा लावला, आरसा नीट केला. बाबांनी त्याला गिरणीवरून, चढावरून, पुलावरून सगळीकडे फिरवून आणलं. मी पायरीवर चहाचे कप घेऊन उभी. तो उतरला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

"आज पहिल्यावर सुरू केली," तो मला म्हणाला. मग कॅमेऱ्याचं झाकण उगाच उघडझाप करत म्हणाला, "ताई, नियम काही मी केलेला नाही. आणि चुकीचाही नाही. त्या कोपऱ्यावरून वळताना मला स्वतःला काही दिसलं नाही. पण मुदत वाढवायचा अधिकार माझा आहे. एप्रिलअखेर देतो. त्याच्यापुढे मलाही वर उत्तर द्यावं लागेल."

तेव्हा आता एप्रिलअखेर. तुला हवं ते बाबा सांगू शकत नाहीत, आणि का सांगू शकत नाहीत ते मी सांगितलं. फॉर्म पुन्हा जोडते आहे.

धाकटी


२ एप्रिल

ताई,

हे पत्र फॉर्मबद्दल नाही. फॉर्म तुझ्याकडेच आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

रविवारी शेजारची नर्सबाई आली. तू गेल्यानंतर राहायला आलेली, कोपऱ्यावरच्या घरात एकटी असते. पायरीपाशीच उभी राहून म्हणाली, "तक्रार मी केली होती. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते."

बोलले असते तर वाईट बोलले असते.

"ड्यूटीवरून येताना स्कूटर त्या कोपऱ्यावर वळवते. तुमच्या गाडीमुळे पलीकडचं दिसत नाही. जानेवारीत एक माणूस सायकलवरून आला. माझ्या आरशाचा त्याच्या कोपराला धक्का लागला. पडला नाही. पण मी घरी जाऊन तासभर नुसती बसून होते." मग तिने गाडीकडे बघितलं. बाबा आत होते, हाताने कोणाला तरी वळण दाखवत होते. "ते रोज तिथे बसतात हे मला माहीत नव्हतं. मी कायम मागच्या बाजूनेच आत जाते."

तिला आत बोलवावं लागलं. चहा झाला. दुसरा झाला. तिने विचारलं की मागे का नेत नाही, आणि मी साडेचार फूट सांगितलं. ती उठली, दोन्ही घरांमधल्या भिंतीपाशी गेली, टाचा उंच करून पलीकडे स्वतःच्याच अंगणात वाकून बघितलं. "माझ्याकडून न्या की. माझं फाटक दहा फुटी आहे. ही भिंत सात फूट उघडली तर गाडी सरळ तुमच्या मागच्या अंगणात जाते. नंतर हवी तर बांधा, नको तर राहू द्या."

मोडीत देण्याचा फॉर्म मी तुला दोनदा पाठवला, आणि या बाईला पाच मिनिटांत भिंत दिसली. मला कशी दिसली नाही? रोज तिच्यावर कपडे वाळत घालते.

मग विचार करत बसले आणि जे लक्षात आलं ते लिहायला हे पत्र आहे. मला गाडी घालवायचीच होती. नोटीस आली तेव्हा वाचता वाचता मला बरं वाटलं होतं. आता चार वाजता मोठी व्हावं लागणार नाही, असं वाटलं.

तू तीन वर्षांपूर्वी आलीस तो दिवस. तू फाटकाबाहेर उभी होतीस, अंगावर बंदरातल्या नोकरीचा तो नारिंगी कोट. म्हणालीस, "बाबा भेटतील का?" मी म्हटलं, "झोपलेत. आणि तसंही, त्यांना तुला भेटायचं नाही. तसं त्यांनी मला सांगून ठेवलंय." तू चिठ्ठी दिलीस आणि गेलीस.

ते झोपले नव्हते. तेव्हाच त्यांचं चारचं जाणं सुरू झालं होतं. ते गाडीत होते, माझ्यापासून दहा पावलांवर. आणि त्यांनी मला तसं कधीही सांगितलं नव्हतं. तू गेलीस त्या वर्षी रागावले होते, ते खरं. पण नंतर प्रत्येक सणाला, प्रत्येक तापात, प्रत्येक सकाळी विचारायचे, "मोठीचं काही कळलं?" मीच त्यांना अंघोळीला पाणी काढून देत होते, मीच नखं कापत होते, आणि ते माझ्याकडे बघून तुझं विचारत होते. त्या दिवशी तू फाटकात उभी राहिलीस आणि मला वाटलं, ही आत आली की दोन मिनिटांत सगळं हिचं होणार. एवढंच. दुसरं कारण नाही. शोधलं, पण सापडलं नाही.

तू वळलीस तेव्हा बाबांनी गाडीतून हाक मारली होती, "कोण आलं होतं?" मी म्हटलं, "पत्ता विचारत होते कोणीतरी."

हे वाचून तू जे काही म्हणशील ते बरोबरच असेल.

धाकटी


११ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

गाडी मोडीत द्यायची नाही असं मी ठरवलं आहे, त्यामुळे सही नको. निरीक्षकाने सांगितलं की मागे, फरशीवर, छपराखाली ठेवली तर मालकाच्या सहीची गरज पडत नाही. छपराचे पत्रे आले. फरशी मी आणि नर्सबाईने मिळून घातली, दोन फरश्या हलतात. गवंडी वीस तारखेला, शनिवारी सकाळी भिंत उघडणार. त्याच दिवशी गाडी ढकलायची.

तुला कळवायचं म्हणून कळवलं. गाडी तुझी आहे.

धाकटी


६ मे

ताई,

तू इथे होतीस, डोळ्यांनी सगळं बघितलंस. तरी मी लिहिते आहे, कारण त्या दिवसाबद्दल आपण एक शब्द बोललो नाही. आणि तू स्टिअरिंगवर होतीस, मी मागे. मला जे दिसलं ते तुला दिसलं नसणार.

तू आलीस तेव्हा माझ्या केसांत विटांचा चुरा होता. गवंडी शेवटचा थर काढत होता, नर्सबाई कपड्यांची दोरी सोडत होती, निरीक्षक सुट्टीच्या दिवशी बाह्या वर करून चाकांत हवा भरत होता आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र शिव्या देत होता. दोन चाकांनी हवा धरली, दोन त्याने कुठून तरी जुनी आणून बसवली. मी मान वर केली तर फाटकाशी तू. एकच पिशवी. केस किती पांढरे झालेत तुझे. माझ्या मनात तू अजून पाटी रंगवलेल्या दिवसाचीच होतीस.

तू म्हणालीस, "स्टिअरिंगवर कोण बसणार?"

मी म्हटलं, "ये."

तीन वर्षांनंतर बोललो ते एवढं.

बाबा खाली उतरायला तयार नव्हते. "शिकवणी चालू आहे," म्हणाले. निरीक्षक म्हणाला, "राहू द्या, सरांचं वजन काही फार नाही." तू दार उघडून बसलीस. मी डिकीला हात लावून उभी होते, मागची काच फुटलेली, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. बाबा तुझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. आता ओळखणार, असं वाटलं. ओळखावं असंही वाटलं आणि नकोही वाटलं. दोन्ही खरं आहे.

"नवीन का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"आधी कधी काही चालवलंय?"

तू, जी क्रेनने चाळीस टनांच्या पेट्या आभाळात उचलून जहाजावर अलगद ठेवतेस, ती म्हणालीस, "नाही सर."

"घाबरू नको. घाबरलेली गाडी कुठेही जाते. आधी सीट. मग आरसा. आता आरशात काय दिसतं?"

तू आरसा खाली वळवलास. "मागे माझी बहीण आहे."

"मग जपून," बाबा म्हणाले.

आम्ही तिघांनी ढकललं. आधी काहीच झालं नाही. मग कुठूनतरी आतून सुस्कारा निघाला आणि गाडी हलली. चाकावरची वेल ताणली गेली, तटतट तुटली, निळी फुलं तुझ्या मांडीवर पडली असतील. रस्त्यावर आलो, कोपऱ्यावर आलो, नर्सबाईच्या फाटकातून आत. ऊन असं पसरलं होतं की सगळ्यांच्या कडा पुसट झाल्या होत्या. गाडी इतकी हलकी लागत होती की मला वाटलं, आपण हात काढले तरी ती अशीच तरंगत जाईल. आणि अंगणाच्या अगदी मधोमध बाबांनी आपला ब्रेक दाबला. आम्ही तिघं डिकीवर आपटलो.

"थांब," बाबा म्हणाले. "कोणीतरी जातंय. आधी जाऊ दे त्यांना."

समोर कोणी नव्हतं. फरशी होती, रिकाम्या दोरीची सावली होती. पण तू थांबलीस. आम्हीही थांबलो. निरीक्षकाने तर चक्क बाजूला सरकून वाट दिली. जे कोणी होतं ते शांतपणे आमच्यासमोरून गेलं. मग बाबांनी पाय उचलला. "चल."

संध्याकाळी तू स्वयंपाकघरात हात धूत होतीस. मी टॉवेल घेऊन उभी. नळ चालू ठेवूनच तू बोललीस, म्हणजे मला नीट ऐकू येऊ नये असं तुला वाटत असावं. पण आलं.

"त्या दिवशी मला फाटकातून बाबा दिसत होते. गाडीत. हाताने काहीतरी दाखवत होते. तू म्हणालीस झोपलेत. मी बघत होते आणि तू म्हणत होतीस झोपलेत." मग तू नळ आणखी मोठा केलास. "आणि मला सुटल्यासारखं झालं, धाकटे. मी तुला खोटं पाडलं असतं तर मला आत यावं लागलं असतं. मग राहावं लागलं असतं. दुसरी बस पकडली आणि गेले. वाटेत झोपसुद्धा लागली."

मी टॉवेल दिला. तू हात पुसलेस. बाबांनी आतून पाणी मागितलं, ते तू नेऊन दिलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. एवढा सगळा मधला वेळ आपण काय करत होतो? मला फक्त इतकंच आठवतं की तू हलणाऱ्या दोन फरश्यांखाली वाळू भरलीस आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवलास, अगदी आईसारखा.

आता तू गेल्यानंतरचं.

निरीक्षक सोमवारी गणवेशात येऊन रस्त्यावरून फोटो काढून गेला. फोटोत आपलं घर आहे, पुढे मोकळं अंगण, चाकांच्या जागी गवत न उगवलेले चार चौकोन. शेरा त्याने मला वाचून दाखवला: "दर्शनी रेषेच्या पुढे काही आढळले नाही." प्रकरण बंद. नर्सबाई आता कोपऱ्यावर वळताना हात करते. भिंत आम्ही बांधलेली नाही.

बाबा दोन दिवस चार वाजता अंगणात गेले, मोकळ्या जागेवर उभे राहिले आणि परत आले. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी ते घरात नव्हते. मागे गेले तर छपराखाली गाडीत बसलेले. मी शेजारी जाऊन बसले. गाडी ढकलण्याआधी निरीक्षकाने काच स्वच्छ केली होती. समोर दोन हातांवर मागची भिंत.

"रस्ता संपला," बाबा म्हणाले.

"हो."

"मग काय करशील?"

"थांबेन."

"थांबणं सगळ्यांना येतं. मागे घ्यायला शीक." आणि त्यांनी उजवा हात उचलून माझ्या सीटच्या पाठीवर टाकला, कमरेतून वळले, मागच्या फुटक्या काचेतून बघायला लागले. मलाही तसंच वळायला लावलं. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. साबणाचा वास येत होता. इतक्या जवळून मी त्यांना किती वर्षांत बघितलं नव्हतं, नखं कापतानाही नाही.

मला काय वाटलं कोण जाणे. मी म्हटलं, "सर, तुम्ही तुमच्या मुलींना शिकवलंत का?"

"मोठीला शिकवलं. पहिल्याच दिवशी चढावर थांबवून परत सुरू केली तिने."

"आणि धाकटीला?"

"तिला मुद्दाम नाही शिकवलं." ते मागेच बघत होते. "स्टिअरिंग सरळ ठेव."

"तिचे हात घाबरतात म्हणून?"

"छे. हात उत्तम आहेत तिचे, काच कापते ती. तसं आपलं सांगितलं तिला." मग अगदी साध्या आवाजात, पुढे खड्डा आहे म्हणावं तसं: "मोठी जाणार हे मला दिसत होतं. धाकटीही शिकली असती तर तीही गेली असती. मग माझ्याजवळ कोण?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिला सांगू नकोस हं कधी."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

आम्ही मागे घेतली. बरीच मागे घेतली. पुलावरून उलटं गेलो, चढ उलटा उतरलो. "छान घेतलीस," ते म्हणाले. त्या दिवशी मोठी म्हणाले नाहीत, दुसरंही काही म्हणाले नाहीत.

तेव्हा राग आला नाही. राग आला दुसऱ्या दिवशी दुकानात, दोन काचा एकापाठोपाठ तडकवल्या तेव्हा. वीस वर्षांत माझ्या हातून दोन एका दिवशी गेल्या नव्हत्या. मालकाने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मी मागच्या खोलीत पाणी चालू ठेवून रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि त्याला म्हटलं, "मला जूनचे पहिले पंधरा दिवस रजा पाहिजे." त्याने विचारलं, कोण आजारी आहे. म्हटलं, कोणी नाही, मला जायचंय. त्याने कॅलेंडर उलटंसुलटं करून बघितलं आणि हो म्हटलं.

कुठे जायचं ते ठरलेलं नाही. बसने जाईन बहुतेक. लायसन्सचा अर्ज भरला आहे, पण त्याला वेळ लागेल. कुठेतरी उतरेन, खोली घेईन, दुपारी झोपेन. चार वाजता कोणी माझी वाट बघत नसेल अशा ठिकाणी चार कसे वाजतात ते मला बघायचंय. बाबांवर रुसून जात नाही. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल; मलाही फाटकात दुसरं काही सुचलं नव्हतं, आणि तुलाही बसमध्ये झोप लागली होती. तिघंही सारखेच म्हणायचे. पण मला जायचंय.

बाबांना तू चालशील. तुला ते नवीन समजतील, रोज आरशापासून सुरुवात करतील. सकाळी औषध दुधाबरोबर द्यायचं, चहाबरोबर दिलं तर ते कपाच्या तळाशी सापडतं. पुढच्या अंगणात जाऊन उभे राहिले तर आत बोलवू नकोस, आपण होऊन येतात. काही अडलं तर नर्सबाई भिंतीतूनच येते.

एक जून ते पंधरा जून. हो म्हणायचं असेल तर नुसतं कार्ड टाक. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन म्हण.

धाकटी